कौसीच्या वाढदिवसाची पोळी

राहू द्या, आई, त्या टोपलीचं फडकं नोका सोडू — पुरणाचा वास पडवीत गेला म्हणजे कौसी उठून बसते, अन् मंग तिचं ते रडणं मले पाहवत नाही. बसा तुम्ही. साखरखेर्ड्याहून बैलांच्या दमणीत हाडं खिळखिळी झाली असतील. पाणी घ्या. काऊन अशा पाहून राह्यल्या माह्याकडं? नातीचा वाढदिवस हाये — हाव, माहीत हाये मले. दरसाली रामनवमी झाली की दुसऱ्या दिवशी तुम्ही येता, तिले ओवाळता, पुरणपोळी भरवता — मी कधी आड आली काय? पण औंदा नाही. मुदतीचा ताप उतरला तिचा, पण मेहकरच्या डॉक्टरनं बजावून सांगतलं — ताप गेला तरी आतडी कच्चीच हायेत, अन्नाचा घास पोटात गेला तर पोरगी हाती लागणार नाही. ताकाची निवळी अन् संत्र्याचा रस, बस. मंग मी काय करू?

उपाशी मारून राह्यली म्हणता? म्हणा. सारं डोणगाव म्हणून राह्यलं. शेजारची मंजुळाबाई तर मले ऐकू येईल अशी बोलली कुडाआडून — सावत्र ते सावत्रच! खाऊ घातलं अन् काही झालं तरी मीच मारली, नाही घातलं तरी मीच मारून राह्यली. कोणतं तोंड घेऊन फिरू गावात, सांगा ना! हा पाहा चांदीचा टाक, तुमच्या गेलेल्या लेकीच्या नावाचा — लग्नातच गळ्यात बांधला माह्या, दुसरेपणाची म्हणून. सणावाराले पह्यले अंजनाबाईले निवद दाखवते, मंग मी जेवते. आजबी दाखवला, रसाचाच. पोरीले जे चालते तेच तिच्या मायले. असं काऊन तोंड फिरवता?

एकच घास? नाही, आई. बोटभर पुरणबी नाही. अवो, भुकेनं सकाळी ती माह्या हाताले चावली — हे पाहा दात — तरी नाही देल्लं मी. अन् तुम्ही म्हणता मले माया नाही! अंजना असती तर लेकरू असं तरसलं नसतं, असंच ना? आई, अंजनाबाई कशानं गेल्या? हाच ताप होता. उतरलाबी होता. लेक बरी झाली म्हणून तुम्हीच शिरा घेऊन आल्या, तिचं डोकं मांडीवर घेऊन पोटभर भरवला, अन् मंग पोट फुगून —

नाही. काही नाही. जीभ घसरली माही. माय वं माय, काय बोलून बसली मी! ह्यायनं शपथ घातली होती मले — आईले कधी कळू देऊ नको, म्हातारी जगणार नाही म्हणे. डॉक्टरनं ह्यायलेच सांगतलं होतं तवा, तेबी सारं उरकल्यावर. तुमाले काय ठाऊक? मायेनंच भरवलं तुम्ही. शिव्या द्या मले. टोपली फेका माह्या अंगावर, पण अशा बसू नोका.

ऐकलं काय? आवाज ओळखला तुमचा, हाका मारून राह्यली — आजी, आजी. उठा. निरांजन लावलेलं हाये. ओवाळून झालं की ही रसाची वाटी घ्या, चमचा-चमचा पाजा, एवढं चालते तिले. तुमच्याच हातानं पाजा. घ्या ना. हात काऊन पदराखाली घेतले?

आई?