बरं वाटलं म्हणून सोडलेली गोळी

माहेर माझं बदनावरचं, दिलं देवासला, दोन्ही माळव्यात, म्हणून माझी मराठी अशी, अर्धी घरातली अर्धी बाजारातली. मी ब्लाउज शिवते, आणि आमचे हे कन्नौदच्या शाळेत मास्तर. तर काय सांगू तुम्हाला, ह्यांचं बीपी सापडलं ते दाढ काढायला गेले तेव्हा, डॉक्टर म्हणाले आधी बीपी खाली आणा, मग दाढ. गोळी सुरू झाली, सगळं बराबर चाललं, आणि मग एक दिवस म्हणाले आता मला बरं वाटतंय, गोळी कशाला, सवय लागते. मी म्हटलं अहो डॉक्टरांना विचारा तरी. तर म्हणे दुखत नाही, खुपत नाही, विचारू काय? शेजारचे भिया, इकडे कुणाही भाऊला भिया म्हणतात, ते पण सांगायचे, मास्साब लहसुन खाओ, सब ठीक. झालं, सोडली.

मग आम्ही वन्संकडे गेलो, ह्यांची धाकटी बहीण, धरमपुरीला असतात. तिघं नर्मदेत नावेत बसलो. हे नावाड्याशी बोलत होते अन् बोलता बोलता जीभच जड झाली. वन्सं म्हणाल्या ऊन लागलं, तोंडावर पाणी मारा. मी पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उचलेना. मी ओरडले, भिया, नाव पलटाव, अभी पलटाव! त्या बापड्यानं लगेच वळवली.

तसंच धारच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले लकवा, बीपीनं. लवकर आणलं म्हणून वाचले. वन्सं तिथं रडत होत्या, नर्सबाईंनी त्यांचंही मोजलं, तर तेही भलतंच वाढलेलं. पण त्या म्हणे मला काही होत नाही, मशीनच खराब असेल. गोळ्या आणल्या त्या नुसत्या कपाटात. पुढे ह्यांना भेटायला आल्या, तेव्हा हे एकेक शब्द ओढून बोलायला शिकत होते. ह्यांनी डाव्या हातानं त्यांचा हात धरला, घाम फुटला हो, आणि म्हणाले, बेबी, गो… ळी. वन्संनी पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून रोज घेतात, मोजूनही येतात.

हे आता शाळेत जात नाहीत, पहिल्यासारखे होणारही नाहीत, ते मी मानलंय. मी शिलाईच्या मशीनवर बसले की समोर बसतात. जन्मभर मला अगं म्हणून हाक मारली, परवा म्हणाले, सुमन. पूर्ण, स्वच्छ. ह्या वयात लाजले हो मी. नर्मदामाई तुमच्या घरी सगळ्यांना सुखी ठेवो.