नदीत पडलं कोण?

मला तर हे अजून उमगलेलं नाय, तुम्हीच बघा. आमच्या मॅट्रिकच्या निरोप समारंभात प्रत्येकानं शाळेची एक आठवण सांगायची होती. आधी दिगंबर उठला. "पैठणच्या सहलीत मी गोदावरीत पडलो, कुलकर्णी सरांनी ओढून काढलं," म्हणाला आणि रडायलाच लागला.

मी चक्रावलो. कारण पडलो होतो मी. नाकातोंडात पाणी गेलेलं अजून आठवतंय.

मी तोंड उघडायच्या आत सत्तार उठला. "त्या दिवशी घाटावर सर नसते, तर मी आज इथं नसतो."

शेवटी मी सरळ सरांनाच विचारलं, "सर, नदीत पडलं होतं कोण?"

सर आम्हा तिघांकडं वळले.

"अरे, मी पडलो होतो. तुम्ही तिघांनी तर उड्या टाकून मला काढलं."