पत्रिका द्यायला आलेले साडूभाऊ

आमी मूळचे शहाद्याकडचे. बाप सुरतेला आला तो लूमवर, कापड विनायच्या मशीनवर, आनि डिंडोलीत खोली घेतली, तेव्हापासून इथलेच म्हना, घरात अहिरानी, बाहेर गुजराती, शेठसमोर हिंदी, आनि तुमच्यासमोर ही मोडकीतोडकी मराठी, हसू नका. बापानं मलाही लूमवर उभं केलं होतं, पन एका जागी राहनं माझ्या अंगातच नाही हो, काय सांगू तुम्हाला, जेवताना पन माझा पाय हलत असतो, बायको म्हनते ताट सांडेल. मग वेल्डिंग शिकलो, ग्रील केले, जिने केले, आनि आता पत्र्याचे शेड उभे करतो, माझा स्वतःचा ठेका, मानसं सगळी आमच्याच भागातली. एक शेड झालं की दुसरं, बसलो की जीव घाबरतो.

तर तो विमा. सांगतो ना. कामरेजला एका कारखान्याचं शेड मिळत होतं, तिथला मॅनेजर म्हनाला, लायबिलिटी पॉलिसी आहे का. मी म्हनलं आहे की, मी मेल्यावर बायकोला मिळेल. तो हसायला लागला, म्हने तुझ्या मरन्याचं कोन विचारतंय, तुझ्या कामात दुसऱ्याला काही झालं तर त्याचं विचारतोय. मग एजंटला धरलं. त्यानं माझाच चहा पीत मला समजावलं, हे बघ, तुझ्या कामामुळं बाहेरच्या मानसाला लागलं, कुनाची गाडी फुटली, भिंत पडली, तर ही पॉलिसी. तुझ्या मजुराला लागलं तर ही नाही, मजुरांची वेगळी, त्यात त्यांची नावं. मी दोन्ही घेतल्या. म्हनलं आता जगातली सगळी मानसं आली, एक बाहेरचा आनि एक मजूर, तिसरा कोन असतो? आता तरी झोप लागेल. झोप कसली, मी आहे तो आहेच.

आता माझे साडू, बायकोच्या मोठ्या बहिनीचे नवरे, मी त्यांना साडूभाऊ म्हनतो, कोसाडला राहतात, लूमवर आहेत, दिवसभर पायांवर उभं राहायचं काम. त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं. आमच्यात मोबाईलवर पत्रिका पाठवली तर लोक रुसतात, हातात द्यावी लागते, आनि मी काही घरी सापडत नाही, म्हनून ते थेट कामरेजला साईटवर आले. तेव्हा आमी दोरीनं लोखंडी चॅनल, छपराची तुळईच म्हना, वर चढवत होतो, सगळे दोरीला, मी पन. साडूभाऊंनी पत्रिकांची पिशवी भिंतीला टेकवली आनि येऊन दोरीचं शेपूट धरलं. मी ओरडलो, नका, तिकडं बसा. पन आमच्याकडं ती रीतच आहे हो, कुनाच्या खळ्यावर गेलात आनि काम चालू असलं तर आधी हात लावायचा, मग बोलायचं, पानीसुद्धा मग. हाताची घडी घालून उभा राहिला तर लोक म्हनतात हा काय वसुलीला आलाय? दोरी धरनारा कुनी का असेना, जादा हात हवाच होता, मी पन दुसऱ्यांदा नाही बोललो, जोर लावा म्हनलं. चॅनल भिंतीला अडकलं, फिरलं, गाठ सरकली, आनि त्याचं टोक आलं ते त्यांच्या पायावर. माझ्या सगळ्या मानसांच्या पायात जाड बूट, मॅनेजरची सक्ती होती. साडूभाऊ आमंत्रनाला निघालेले, चप्पल घालून.

हाडाचा भुगा झाला. सळई टाकली आत. डॉक्टर म्हनाले चालाल हळूहळू, पन दिवसभर उभं राहायचं काम आता विसरा. आता लूमवाल्याला उभं राहू नको म्हनायचं म्हनजे काय ठेवलं त्याला? त्यात पोरीचं लग्न तोंडावर. बायकोच्या बहिनीनं मला चहा करून दिला, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एजंटचा फोन आला, म्हने विमा कंपनीचा मानूस चौकशीला येईल, नीट ऐका, पाहुना गेटजवळ उभा होता आनि त्याला लागलं असं सांगा, म्हनजे बाहेरचा मानूस, इलाजाचं पन मिळेल, बुडालेल्या कामाचं पन मिळेल. दोरीला हात लावला म्हनालात की कंपनी म्हनेल हा मजूर, आनि मजुरांत तर त्याचं नाव नाही. मी आदल्या दिवशी कोसाडला गेलो, हे सगळं साडूभाऊंना सांगितलं. त्यांनी पत्रिकांची पिशवी पुढं सरकवली, म्हनाले राहिलेल्या तेवढ्या वाटून टाक.

दुसऱ्या दिवशी तो आला, गुजराती पोरगा, तरुन, चांगला होता बिचारा, काका काका करत होता. त्यानं विचारलं, काका तुम्ही कुठं उभे होते? मी माझ्या बोटांकडं बघतोय, माझा पाय हलतोय. साडूभाऊ म्हनाले, उभा? मन्हा साडू जोर लावी ऱ्हायना आनि मी काय हुबा ऱ्हाऊ? झालं. पोराला अहिरानी कळेना, मलाच सांगावं लागलं की ते दोरीला होते. माझ्याच तोंडानं! मग तो म्हनाला, म्हनजे यांच्याकडं कामाला होते, मजुरी काय ठरली होती? तर साडूभाऊ असे तापले, पलंगावरून उठायलाच बघतात, मजुरी? मी काय यान्हा मजूर शे का? पोरानं पेन खाली ठेवलं. म्हने काका, बाहेरचे पन नाही, मजूर पन नाही, मग तुम्हाला कुठल्या खान्यात लिहू? साडूभाऊ म्हनाले, साडूना खानामा लिख.

त्यांची बायको हसली आनि हसता हसता पदर तोंडाला लावून आत गेली. मला राग आला, खरं सांगतो, असा राग आला की या मानसाला हलवावं, अरे एक शब्द फिरवला असता तर घर उभं राहिलं असतं. आनि त्याच टायमाला वाटलं वाकून त्यांच्या पाया पडावं. दोन्ही खरं. काय करायचं मानसानं?

कंपनीचा निकाल अजून नाही. रोज फोन करतो, म्हनतात वर पाठवलंय. लग्न झालं, मांडवात नवरीचा बाप खुर्चीत बसून होता. दवाखान्याचं माझ्याच्यानं होतं ते मी करतो, ते सोडा.

साईटवर मी आता लाल पट्टी बांधतो, बाहेर खुर्च्या ठेवतो, कुनी आलं की आधीच ओरडतो, आत यायचं नाही, हात लावायचा नाही. आमचे लोक म्हनतात, याला पैशाची हवा लागली. माझा मेव्हना पानी न पिता गेला.

परवा साडूभाऊ आले, काठी टेकत, रिक्षानं. घरात बसून कंटाळले होते. खुर्चीवर बसले. आमी चॅनल ओढत होतो, एक मानूस कमी होता, जड जात होतं. त्यांनी काठी बाजूला ठेवली आनि आत यायला लाल पट्टीला हात घातला. मी ओरडलो, सगळ्यांसमोर, जोरात, ए, मागं व्हा! असं ओरडलो जसं एखाद्या परक्यावर ओरडतो. ते थांबले. माझ्याकडं बघितलं. काठी घेतली आनि गेटकडं चालायला लागले. मला धावायचं होतं हो, पन वर चॅनल लटकलेलं, खाली मानसं, हातातली दोरी सोडता येईना. ते गेटबाहेर जाईपर्यंत मी दोरी धरून बघत राहिलो.

आता इथून उठलो की कोसाडला जातो.