गळा पाठवा

...आणि वर मलाच विचारतात, "काय रे, एवढ्या उकाड्यात शर्टाचं वरचं बटण लावून फिरतोस, तब्येत बरी आहे ना?" अहो, तब्येतीला काय धाड भरलीये! आणि उकाड्याचं म्हणाल तर ठाण्यात उकाड्याला महिना लागत नाही, तो बारमाही आहे. बटण लावलंय, कारण बटणाच्या आत गळा आहे, आणि त्या गळ्यात... थांबा. तुम्हाला सांगतो, पण पहिल्यापासून सांगतो, नाहीतर अर्धवट ऐकून हसत सुटाल. पूर्ण ऐका, मग हसा. मी हल्ली तसंच करतो.

तर मी हरिहर टिपणीस, मुक्काम वर्तकनगर. अमेरिकेत कॉम्प्युटर शिकायला गेलेलो. शिकलो, तिकडेच नोकरीला लागलो, आणि आलो परत. आणि कधी? नव्व्याण्णव साली! म्हणजे बघा, दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार म्हणून तिकडचे लोक आपल्या पोरांना हाका मारमारून बोलावतायत, आमच्या कॉलनीत ज्याला धड टाइपरायटर येत नव्हता तोसुद्धा बॅग भरतोय, अख्खं ठाणं विमानात चढतंय... आणि मी एकटा उतरतोय! का? तर ध्येय! कारागिराचा माल इंटरनेटवरून थेट जगाला विकायचा. मध्ये दलाल नाही, दुकान नाही. "एका टोकाला हात, दुसऱ्या टोकाला गळा, मध्ये फक्त तार!" हे वाक्य माझं आहे. विमानात सुचलेलं, कागदी रुमालावर लिहून घेतलेलं. तेव्हा कुठे माहीत होतं की त्यातला हात मिळेल, तारही मिळेल, आणि गळ्यापाशी सगळं येऊन अडेल!

पपांना सांगितलं. पपांची उभी हयात कंपनीत गेली. भोंगा वाजला की आत, भोंगा वाजला की बाहेर. ते म्हणाले, "छान. म्हणजे नोकरी ना?"

"नाही पपा, चळवळ."

"अस्सं. चळवळीला कॅन्टीन असतं का?"

आता अशा माणसाला चळवळ काय कळणार? पण पपा पक्के. म्हणाले, "दिवाळीपर्यंत एक, फक्त एक दागिना तुझ्या त्या डबड्यातून विक आणि गिऱ्हाइकाच्या हातात पोचव. मी जन्मात शब्द काढणार नाही. नाही जमलं, तर मुकाट्याने तुझ्या साहेबाला फोन करायचा. तुझी खुर्ची अजून रिकामी ठेवलीये त्याने, मला माहितीये." मी म्हटलं, एक? पपा, मी शंभर पोचवतो! तरुण रक्त हो... आणि त्यात परदेशी शिक्षण. फोडणीत पाणी पडावं तसा मी तडतडत होतो.

आता कारागीर शोधायला मी कुठे जावं? कुठे जायचीच गरज नव्हती, कारागीर दारात बसून आईशी सरंग्यावरून भांडत होती! बाळकुमची सगुणामावशी. मी चड्डीत होतो तेव्हापासून आमच्याकडे मासळी घालते. आणि तिच्या गळ्यात अगदी घाटीलगत बसलेली लाल-हिरव्या काचेच्या मण्यांची माळ, रेशमात ओवलेली, दर दोन मण्यांमध्ये एक बारीक गाठ. इतकी वर्षं समोर होती, पण कधी दिसली नव्हती, कारण आम्ही सगळे टोपलीत बघत होतो! ती माळ मावशीनेच ओवलेली. अख्ख्या कोळीवाड्यातल्या नवरी मुलींच्या माळा तीच ओवते.

मी ओरडलो, "मावशी, ही माळ मी जगाला विकणार!"

ती म्हणाली, "इक की. पन आधी तुज्या आयशीला इचार, सरंगा घेनार का नाय?"

दुसऱ्या दिवशी बाळकुमला तिच्या ओट्यावर सभाच घेतली मी. आजूबाजूच्या बाया जमल्या, मावशीचा नवरा दाजी जाळं विणत बसलेला तोही वर बघायला लागला. मी समजावलं, "समजा, अमेरिकेत एक बाई आहे. ती यंत्रात माळ बघते. तिला आवडते. ती कळवते. तू ओवतेस. मी पाठवतो. झालं!" सगळे माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मला वाटलं, भारावले. मावशीने पान तोंडात सारलं आणि विचारलं...

"गला कुठं हाय?"

"कोणाचा?"

"त्या बायचा. गला बगितल्याबिगर माल कशी ओवू?"

तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून हे एक वाक्य माझ्या मानगुटीवर बसलंय! झालं असं की मावशीच्या सासूने तिला ओवायला शिकवताना एक नियम घालून दिलेला. माळ ओवायची ती गळा समोर बसवून, आणि शेवटची गाठ मारायची ती त्याच गळ्यात. गळ्याशिवाय गाठ मारतात ती फक्त मेलेल्या माणसाच्या फोटोला! मी सप्लाय चेन शिकलेलो, ग्राहक मानसशास्त्र शिकलेलो, सासू या विषयावर आम्हाला पेपरच नव्हता!

म्हटलं, आधी वेबसाइट तर काढू, गळ्याचं नंतर बघू. काढली. वर ठळक अक्षरात लिहिलं, "जगात कुठेही घरपोच!" त्याखाली माळेचा फोटो. आता सुटी माळ तर जगात अस्तित्वातच नाही, सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात! म्हणून मावशीलाच फोटो स्टुडिओत नेलं. मी म्हणतोय नुसत्या गळ्याचा काढा, ती म्हणतेय, "मी काय मुंडकं घरी ठेवून आयलंय?" आला पूर्ण फोटो. आणि हे इंटरनेट कसं चालतं, तुम्हाला माहितीये ना? टुंग टुंग, किर्रर्र, खर्रर्र... मग फोटो वरून खाली रेघारेघांनी उतरायचा. आधी मावशीचं कपाळ. मग डोळे. मग नाक. मग पानाने रंगलेले ओठ. मग हनुवटी... आणि नेमका गळा येणार, एवढ्यात आई फोन उचलायची, "हॅलो, हॅलो, कोण किरकिरतंय?" की लाइन कट! मला वाटायचं आमच्याच घरी असं होतं. नंतर कळलं, सगळीकडेच होत होतं. म्हणजे आमची वेबसाइट काही दिवस जगभर नुसतं सगुणामावशीचं तोंड दाखवत होती, आणि वर लिहिलेलं, जगात कुठेही घरपोच!

पण आली हो, ऑर्डर आली! गणपती झाल्यावर आली. न्यू जर्सीहून उत्तरा म्हणून एक बाई, माहेर ठाण्याचं. तिने लिहिलं, "मला अशीच माळ हवी. लहानपणी आमच्या मासळीवालीच्या गळ्यात बघितलेली. कधी पाठवाल?" मी कॉलनीभर नाचलो. पपांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला, म्हणजे बघा केवढा धक्का बसला असेल. तसाच रिक्षात बसलो, बाळकुम गाठलं, ओट्यावर उडी मारली, "मावशी! ऑर्डर!"

मावशी उठली, हात धुतले, मण्यांचा डबा काढला, ऐटीत मांडी घालून बसली, आणि रस्त्याकडे बघून म्हणाली,

"गला कुठं हाय?"

आता सांगा! शेवटी मी उत्तराबाईंना पत्र टाकलं. घाईघाईत टाकलं. आणि मराठीत बोलायची सवय असली तरी ईमेल लिहायची नव्हती, त्यामुळे थोडक्यात लिहिलं. "आपला गळा पाठवा. समोरून आणि बाजूने. कॉलर, ओढणी काही नको. मान मोकळी असावी. वाट बघतोय. आपला, हरिहर."

...हसताय? तिचा नवरा नाही हसला. त्याचं उत्तर आलं. सगळं काही सांगत नाही, बायकामाणसं बसलीयेत. मग मी फोन लावला, हातापाया पडलो, मावशीच्या सासूपर्यंतची सगळी हकिगत सांगितली. तेव्हा ते दोघं इतके हसले, इतके हसले... आणि नवरा पडला इंजिनिअर. त्याने बायकोच्या गळ्याचं माप इंचांत कळवलं. मी शिंप्याच्या टेपवर तेवढ्या मापाची खूण केली आणि ती मावशीपुढे धरली. "हा घे गळा!"

मावशीने टेप हातात धरून हलवली. "ह्यो गला हाय? मंग ह्याला गिळता येतं का?"

दाजी जाळ्यामागून म्हणाला, "अगं, गिळता नाय येत म्हंजे अमेरिकेचाच असंल!"

दिवाळी तोंडावर आलेली. घरी पपा संध्याकाळी मुद्दाम विचारायचे, "काय म्हणतेय चळवळ?" मी रडकुंडीला आलो. म्हटलं, मावशी, काहीतरी तोड काढ, नाहीतर मला परत जावं लागेल. तेव्हा ती जरा विरघळली. म्हणाली, "त्याच मापाचा दुसरा गला आन. त्याच्यावर ओवतंय."

आणि मी, अमेरिकेत शिकलेला हा मुलगा, टेप घेऊन लोकांचे गळे मोजत वर्तकनगर हिंडलो! आईचा बसेना. पपांनी तर मान आत ओढून घेतली, कासवासारखी. शेजारच्या सुमेधावहिनींना विचारायला गेलो, त्यांनी दारच लावलं. हताश होऊन ओट्यावर येऊन बसलो, तर मावशी माझ्याकडे बघतेय. कशी? बाजारात पापलेट उचलायच्या आधी बघतात ना, तशी. टेप उचलली, माझ्या गळ्याभोवती फिरवली. आणि म्हणाली, "ह्यो चालंल."

काय सांगू! एवढ्या जगात उत्तराबाईंच्या गळ्याशी जुळणारा गळा निघाला कुणाचा, तर माझा! तिकडे एकट्याने पाव खाऊन खाऊन वाळलेला!

झालं. मला पाटावर बसवलं. बाया जमल्या. त्यांतली मनुबाई म्हणाली, "नवरी बरी हाय, पन दाढी कर म्हनावं!" मी म्हटलं, हसा, चळवळीच्या पहिल्या दिवशी सगळेच हसतात. मावशी मात्र ओवत होती. मणी, गाठ, मणी, गाठ... अधूनमधून माझी हनुवटी वर करायची, मागे सरून बघायची, एखादा मणी काढायची, दुसरा घालायची. खरं सांगू? त्या वेळी मला एकदम कळलं की मी ज्याच्यासाठी परत आलो ते हेच. आणि ते कळेपर्यंत तिने मानेमागे शेवटची गाठ मारली, दाताने रेशीम तोडलं, माझ्या कपाळाला हळद लावली. टाळ्या! माळ तयार! पहिली ऑर्डर पूर्ण!

मी म्हटलं, "वा मावशी! आता काढ."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

मी स्वतः काढायला गेलो. हनुवटीपाशी अडली. कानांवरून ओढली, कान आले, माळ नाही आली. दाजी म्हणाला, "डोक्यात इद्या लय भरलंय ना, मंग जाईल कशी?" मी ओरडलो, "मावशी, मग तू तुझी कशी काढतेस?"

"काढायची कशाला?" ती म्हणाली. "लग्नात घातली, ती हाय."

तुम्हाला सांगतो, मी जगाला विकायला निघालेलो, वेबसाइट काढलेली, सगळं विचारलेलं, फक्त ही माळ काढतात कशी एवढं विचारायचं राहून गेलेलं! कात्री आणली, तर सगळ्या बाया अंगावर धावल्या. जित्या माणसाच्या गळ्यातली माळ दुसऱ्याने कापायची नसते! जिची आहे तिनेच आपल्या हाताने सोडवायची. आणि जिची आहे ती न्यू जर्सीत!

मी हात जोडले. "मग माझ्यावर उपकार कर, दुसरी ओव."

"ओवतंय की," मावशी म्हणाली, परत डबा उघडला. "गला कुठं हाय?"

"हा काय, हा! याच मापाचा!"

"ह्यो भरला. रिकामा गला आन."

दिवाळीच्या पहाटे आई पाठीला तेल लावत होती, तिचा हात थांबला. पपांना हाक मारली. पपांनी माळ बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन इतका वेळ हसत राहिले की आईला वाटलं ठसका लागला. बाहेर येऊन म्हणाले, "विकलास, हे मान्य. पोचवलास का? नाही ना? मग लाव फोन साहेबाला." आई बिचारी एवढंच म्हणाली, "घालायचीच होती तर सोन्याची तरी घालायचीस रे!"

लावला फोन. खुर्ची खरंच रिकामी होती. आणि ऑफिस कुठे? तर न्यू जर्सीत! मावशीला सांगायला गेलो, तर तिला कोण आनंद! "बगा! गला चालला, म्हंजे माल पन चालली!" निघताना मानेमागची गाठ दोनदा चाचपली आणि म्हणाली, "त्या बायला सांग, पुढच्या टायमाला सोता ये. मी गला बगून देतंय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही असेल, मी नाही बघितलं.

आता परवाचीच गोष्ट, अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या खिडकीत एक साहेब बसलेला. बटण घट्ट लावून उभा राहिलो, तर त्याने मान वाकडी करून कॉलरच्या आत बघितलं, लाल मणी दिसले, परत कागदात बघितलं, आणि विचारलं, "प्रवासाचं कारण?"

मी म्हटलं, "नोकरी."

माळ पोचवायला चाललोय, हे त्याला कसं सांगणार हो? वेबसाइटवर मीच लिहून ठेवलंय ना... जगात कुठेही घरपोच!