कायमची पाटी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक, व्यासपीठावरच्या मालकीणबाई, आज ज्यांचा निरोप आहे त्या आपल्या बाई, त्यांना न्यायला आलेले त्यांचे लेक-जावई, आणि समोर बसलेल्या माझ्या कारागीर मित्रमैत्रिणींनो, तुम्हा सर्वांना नमस्कार.

मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. माझ्या हातात पाना शोभतो, माइक नाही. पण बाईंच्या निरोपाला बोलायचं म्हटल्यावर मी दुसऱ्या कुणाला उठूच दिलं नाही. मालक म्हणाले, थोडक्यात आटप. बघू.

बाई आमच्या वर्कशॉपची वेबसाइट सांभाळायच्या. 'दोरा सारखा तुटतो', 'मशीन जड चालते', अशा एकेका तक्रारीचं एकेक पान त्यांनी लिहिलं, आणि त्यासाठी आम्हाला प्रश्न विचारून विचारून आमचं डोकं खाल्लं. पण कुणाचा दोरा तुटला आणि त्याने इंटरनेटवर शोधलं, की आधी आमचं पान दिसायचं आणि मागोमाग आमचा फोन वाजायचा.

मग मालकांनी वर्कशॉपचं नाव बदललं. त्याबरोबर वेबसाइटचा पत्ताही बदलला. डिझायनर म्हणाला, जुन्या पत्त्यांवर येणाऱ्या सगळ्यांना नव्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर पाठवू, सोपं काम. बाई नको म्हणाल्या. मालकांनी ऐकलं नाही. हसू नका मालक, नाहीच ऐकलंत! आणि पहिल्या पानावर होतं काय? मालकांचा फोटो. आता ज्याचा दोरा तुटलाय, त्याने तुमचा फोटो बघून करायचं काय? लोक आल्या पावली परत जायला लागले. सर्च इंजिननेही धरून चाललं, की दोऱ्याचं पान आता राहिलंच नाही. शोधाच्या यादीत आम्ही घसरत घसरत अशा जागी गेलो, जिथे कुणी फिरकत नाही.

फोन थंड पडला. आम्ही टेबलं पुसत बसलो. एक दिवस मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि खाली मान घालून सांगितलं, की एका कारागिराला कमी करावं लागेल, आणि सगळ्यात शेवटी तू आलायस. घरी काय तोंड दाखवू?

बाईंना हे कळलं मात्र, तडक केबिनमध्ये. दार उघडं होतं, म्हणून आम्ही ऐकलं. "दवाखाना हलला तर दारावर पाटी लावतात ना? तुमच्या पाटीवर नुसतं रस्त्याचं नाव आहे, डॉक्टरांचं दार कुठलं ते नाही. प्रत्येक जुन्या पानाला त्याच्या नव्या पानाचा पत्ता द्या आणि हे कायमचं आहे असं सांगा. म्हणजे जुन्याने कमावलेलं नाव नव्याला मिळतं. आणि तोवर याला काढायचं नाही."

मग बाई एकेक पान जोडत बसल्या. लगेच काही झालं नाही, सर्च इंजिनला कसली घाई नसते. पण हळूहळू एक फोन आला, मग दुसरा, आणि आम्ही परत वर आलो. मी आज इथे उभा आहे तो त्यामुळे. बाई, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

आता मालकांची आगाऊ माफी मागून आज सकाळचं सांगतो. 'बाईंना विचारा', म्हणजे लोकांच्या प्रश्नांना बाई उत्तरं देतात ते, आमचं सगळ्यात वर दिसणारं पान. बाई लेकीकडे राहायला चालल्या, म्हणून ते त्यांच्या जागी आलेल्या नव्या मॅडमच्या पानाकडे वळवायचं ठरलं. पण मालकांनी डिझायनरला गुपचूप सांगितलं, तात्पुरतं वळव. तात्पुरतं असलं की सर्च इंजिन जुनंच पान धरून राहतं. न जाणो, बाई परत आल्या तर! बाईंनी ते बरोबर पकडलं. खरं सांगतो, ते तसंच राहावं असं मलाही वाटत होतं.

बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मी येईन म्हणून लोक माझंच दार वाजवत राहिले, तर या पोरीला कधी कोण ओळखणार?" आणि स्वतःच्या हाताने त्यांनी ते कायमचं केलं. मला डोळे पुसायला बाहेर जावं लागलं.

बाई, सर्च इंजिन तुमचं ऐकेल. आमची खात्री देत नाही. अडलं की आम्ही तुमच्या घरीच फोन करणार.

इतका वेळ ऐकून घेतलंत, आपला आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि नव्या मॅडम, तुम्ही मागे दाराशी का उभ्या? पुढे या. बाईंच्या शेजारची ती खुर्ची त्यांनीच तुमच्यासाठी धरून ठेवलीय.