रजनीनं खाल्लेले लाडू

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या सरपंच माननीय संतरोदेवी, प्रमुख पाहुणे निवृत्त सुभेदार किताबसिंगजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे जगरूप कोच, गावातले वडीलधारे, आयाबहिणी, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या अकरा कुस्तीगीर पोरी... माफ करा, आज दहाच आहेत.

मी दरियावसिंग. तीस वर्षं रोडवेजची बस चालवली, पण माइकसमोर उभा राहायची ही पहिलीच वेळ. पालकांच्या वतीनं चार शब्द बोल म्हणाले, म्हणून उभा आहे.

कोच साहेबांनी या आखाड्याला काय दिलं? पदकं भिंतीवर आहेत, ती तुम्ही पाहताच. मी आखाड्याच्या खोलीतल्या खुराकाच्या फळीबद्दल बोलतो. प्रत्येक पोरीचा डबा, त्यावर रंगानं नाव, आत घरचं तूप, घरचा चुरमा, घरचे लाडू. दुकानाचा डबा तिथे चालत नाही. एकदा एका बापानं ताकदीची पावडर आणली, तर कोच साहेब म्हणाले, "चौधरी, तुमची म्हैस ज्या दिवशी पावडर देईल, त्या दिवशी घेऊन या." सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

दुसरा नियम तुम्हाला ठाऊक आहे. घरून डबा आला की आधी सगळ्यांच्या हातात, शेवटी जिचा डबा तिच्या हातात. एकटीनं खाल्लेला खुराक अंगी लागत नाही, असं ते पोरींना सांगतात. किती सुंदर नियम आहे, नाही का?

त्याच नियमानं माझा घात केला. नाही, चुकलं, नियमानं नाही.

माझी तनु राज्याच्या निवडीत दोन गुणांनी हरली. सोळा वर्षांची पोर. घरी पाहुणे म्हणाले, "आजकाल सगळ्याच पोरी पावडर घेतात, तुझी नुसत्या दुधावर कशी टिकणार?" मी रोहतकच्या एका जिममधून डबा आणला. त्यावर ना कंपनीचं धड नाव, ना तारीख. कोच साहेब फळीवर ठेवू देणार नाहीत, हे माहीत होतं. म्हणून तनुची आई गोठ्यात असताना मी ती पावडर लाडवांच्या पिठात कालवली. किती? चमचा होता डब्यात, पण आमच्या घरी चमच्यानं कोण मोजतं? दूध मोजायचा मोठा गिलास घेतला आणि दोन भरून घातले. तनुच्या आईनं चव घेतली आणि म्हणाली, "गूळ कडवट लागतोय जी." मी म्हटलं, "तुझी जीभ कडू."

सुभेदार साहेब, थांबा, मला बोलू द्या.

लाडू सगळ्या पोरींत वाटले गेले. तनुच्या वाट्याला तर नुसता चुरा आला. आज इथे नसलेली अकरावी पोर, रजनी, मात्र वजनी गटासाठी वजन उतरवत होती. रोटी बंद, पाणी घोटभर. पोटाला आधार म्हणून तिनं जास्तीचे लाडू घेतले आणि चार दिवस तेच खाल्ले. मला आखाड्याच्या फाटकात म्हणाली, "ताऊ, लाडू झकास झालेत. तनुच्या आईला सांगा, अजून पाठवायला." पाचव्या दिवशी तिचे पाय सुजले. लघवी चहासारखी झाली.

आज तिचा इस्पितळातला बारावा दिवस. मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा खाली येत नाही. डॉक्टर रोज एकच विचारतात, पोरीनं नेमकं खाल्लं काय? पोरी सांगतात, घरचा खुराक. रजनीची आई सांगते, कोच साहेबांची फळी आहे, तिथे वावगं काही नसतं. आणि कोच साहेब म्हणाले, "फळी माझी, जबाबदारी माझी," आणि राजीनामा दिला. म्हणून आज हे हारतुरे आहेत.

तिच्या वाट्याचे उरलेले लाडू, तिला इस्पितळात नेलं त्याच दिवशी, मी गुपचूप घरी नेले. बारा दिवस माझ्या तोंडाला कुलूप होतं, कारण माझ्या तनुचं नाव पुढे येईल याची भीती होती. आजही आहे. बेटा, मान खाली घालू नकोस, तुला यातलं काही माहीत नव्हतं.

पावडरीचा डबा या पिशवीत आहे, माझ्या पायाशी. लाडूही आहेत. समोरच्या ताटांतले पेढे हलवायाचे आहेत, ते बिनघोर खा. पण ज्या पोरींनी माझा लाडू खाल्ला, त्यांची तपासणी आजच्या आज व्हायला हवी. आणि आयांनो, घरी असा डबा लपवलेला असेल तर बाहेर काढा. मी एकटाच शहाणा असेन असं मला वाटत नाही.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सर्वांचे ऐकून घेतल्याबद्दल आभार. बोलण्यात मागंपुढं झालं असेल तर तेवढ्यापुरती माफी असावी. लाडवांची माफी मी इथे मागत नाही, ती द्यायची की नाही हे रजनी ठरवेल.

कोच साहेब, निरोपाचा हार जरा काढून ठेवा. डॉक्टरांसमोर हा डबा उघडताना माझ्या शेजारी कुणीतरी उभं राहायला हवं. जीप बाहेर उभी आहे.