नकली पातं

अर्जुना : ह्ये पातंबी नकलीच. बघ, हनुवटीला रगात आलं.

बशीर : फौजी, ह्ये माझ्या दुकानातलं न्हवं. साताऱ्यास्नं तुझ्याच पोरानं, धनाजीनं आणलंय.

अर्जुना : मग तिथंबी नकली यायला लागलं.

बशीर : आन् सांगलीचं? ते जाड हाय म्हणालास. त्याच्या आधीचं बोथट. सगळ्या दुनियेची पाती बाद, आन् तुझं पलटणीतलं दाढीचं पितळी मशीन तेवढं खरं?

अर्जुना : ते लय भारी मशीन हाय. बर्फात दाढी केलीया मी त्येनं.

बशीर : मशीनला कोण नावं ठेवतंय? मी माझ्या नावासाठी आलोय. आष्ट्याच्या बाजारात, माझ्या दुकानाम्होरं, कापल्याल्या गालाला कागद चिकटवून तू काय बोललास?

अर्जुना : रागात बोललो असंन.

बशीर : काय बोललास ते सांग. भामावहिनीला ऐकू दे.

भामाबाई : मला ठावं हाय, बशीरभाई. ‘ही माणसं नकलीच इकणार.’ नातीच्या, समीक्षाच्या मोबाईलवर व्हिडिओ आलाय त्येचा.

बशीर : ही माणसं. एका बाकावर बसून शिकलो आपण, अर्जुना. कवा झालो मी ‘ही माणसं’? आता तुझ्या गल्लीतली पोरं दुकानात पाय ठेवत न्हाईत. माझ्या फिरदोसला शाळेत इचारत्यात, तुझ्या आज्जाकडं अजून काय काय नकली हाय म्हणून.

अर्जुना : म्हणलं न्हवं, राग आल्ता.

बशीर : रागात माणूस आमटीला आळणी म्हणतो. जात काढत न्हाई.

भामाबाई : आवं, बोला की आता. चा बशीत वतताना निम्मा लुंगीवर सांडतोय. सदऱ्याची बटणं मी लावतीया. किती दिस पात्यावर ढकलणार?

अर्जुना : तू गप बस.

बशीर : वहिनीला गप करू नगंस. मशीन घे. ह्ये माझ्याच दुकानातलं पातं, तू नकली म्हणालास त्याच पाकिटातलं. डावा गाल तू कर.

(अर्जुना डावा गाल करतो. गालावर दोन ठिकाणी रक्त येतं.)

अर्जुना : बघितलंस? कापलं.

बशीर : बघितलं. आन् आता उजवा गाल मी करतो. पातं बदलत न्हाई, निस्तं धुतोय. मान वर कर.

अर्जुना : तू करणार माझी दाढी?

बशीर : का, हातबी नकली हाय का माझा?

अर्जुना : …कर.

बशीर : हलू नगंस. गाल ताण. असं. लागतंय?

अर्जुना : न्हाई.

बशीर : मोठ्यानं सांग.

अर्जुना : न्हाई लागत, गड्या. लोण्यावानी चाललंय.

बशीर : मग?

अर्जुना : सलामीला ह्या हातातली रायफल केसभर हलत न्हवती, बशीर. आता वाटीतला चमचा वाजतो. लोकांस्नी काय सांगू? म्हणून पात्याला दोष दिला.

बशीर : पात्याला दिला असतास तर मी हसून सोडलं असतं. माझ्या माणसांस्नी का दिलास?

अर्जुना : सोपं हुतं ते. निस्तं पातं वाईट म्हणलो असतो तर कुणी वळूनबी बघितलं नसतं. तसं बोललो तवा सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या हाताकडं मग कुणाचं ध्यान गेलं न्हाई.

(बशीर मशीन खाली ठेवतो.)

भामाबाई : देवा. काय माणूस हाय ह्यो.

अर्जुना : बोल, बोल. तेवढंच ऱ्हायलंय.

बशीर : चौकात जाऊन एवढंच सांग, की चूक झाली. हाताचं सांगू नगंस. पाकीट भिजलं हुतं म्हण, पातं गंजलं हुतं म्हण. मी न्हाई म्हणायचो न्हाई.

अर्जुना : म्हंजी पुन्यांदा तुझ्याच मालाला नाव.

बशीर : त्येवढं मी सोसंन.

अर्जुना : तू का सोसायचं?

भामाबाई : ऱ्हावू दे आता. तुरटी आणलीया, लावा गालाला. बशीरभाई, ती डावी बाजूबी तुमीच नीट करून द्या.

अर्जुना : नगं. तुरटीबी नगं. ह्यो गाल माझ्या हाताचा, ह्यो बशीरच्या हाताचा. पातं एकच. असाच जातो चौकात.

भामाबाई : आवं, रगात वघळतंय. पोरं इचारतील की, काय झालं म्हणून.

अर्जुना : इचारू देत. सदरा दे माझा… आन् बटणं लावून दे.